लांबडीचे ब्रेक

पाय ब्रेकवर होता, ब्रेक दगडासारखा घट्ट होता आणि गाडी थांबत नव्हती.

पाय माझा नव्हता, गोविंदाभाऊंचा होता. या गाडीचं स्टेअरिंग डावीकडे आहे. भाऊ डावीकडे, मी त्यांच्या उजव्या हाताला, आणि मागच्या सीटवर माय, म्हणजे मालकाची म्हातारी आई, देवळात न्यायचं पूजेचं ताट मांडीवर घेऊन बसलेल्या. पोळ्याचा दिवस, सकाळचे दहा वाजले असतील. समोर नाल्याचा उतार आणि तळाशी रपटा, म्हणजे पुलाऐवजी नाल्यात बांधलेला सिमेंटचा बुटका रस्ता. पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी जातं. त्या दिवशी वीतभर जात होतं. गावातले लोक बैल धुऊन घरी गेले होते. एकटा मारोती राहिला होता. रपट्याच्या तोंडाशी, आमच्याकडे पाठ करून तो आपली जोडी घासत होता, आणि दोन्ही बैलांचे कासरे त्याने मनगटाला गुंडाळले होते.

"थांबून नाई राह्यली वो बाई," गोविंदाभाऊ म्हणाले. पाऊस पडून राह्यला म्हणावं तशा आवाजात.

"हातब्रेक वढा."

"वढला."

"पाय उचला, पुन्हा दाबा."

"दाबूनच राह्यलो जी. घट्ट हाय, पन धरत नाई."

ब्रेक घट्ट आहे म्हणजे पंप फुटलेला नाही, तेल गळलेलं नाही. पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो आहे आणि चाक त्याला जुमानत नाही. असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. मागून माय म्हणाल्या, "गोविंदा, सावकाश चालव नं रे."

ही गाडी काय होती हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी चिमूरला रस्त्याच्या कडेला गॅरेज चालवते. शाळा चौथीपर्यंत. नवरा ट्रकचा मिस्त्री होता. त्याची कंबर गेली तेव्हा गाडीखाली मी शिरायला लागले आणि तो बाजेवर बसून सांगायला लागला. पुढे तोही गेला. गॅरेज बंद करावं असं काही लोकांनी सुचवलं. त्यांच्या गाड्या आजही माझ्याकडेच येतात.

ही गाडी, लांबडी, पंचवीस वर्षं माझ्याकडे दुरुस्तीला येते. ती अमेरिकेची गाडी. मायच्या सासऱ्यांचा लाकडाचा ठेका होता, त्यांनी नागपूरहून कुणाची तरी वापरलेली आणली. साडेसतरा फूट लांब. समोरची सीट एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग, बाजेसारखी. तीन माणसं ऐसपैस बसतात. गियरची दांडी खाली नाही, स्टेअरिंगच्या बुडाशी आहे. डिक्की एवढी की त्यात माणूस झोपेल. गावातल्या लोकांनी तिला लांबडी म्हटलं आणि तेच नाव राहिलं. आता मालक मायचा मुलगा सुधीरभाऊ. तो ती मोहर्लीच्या एका रिसॉर्टला भाड्याने देतो. पाहुणे तिच्यासमोर फोटो काढतात, थोडी चक्कर मारतात. वाघ दिसला नाही तर निदान लांबडी दिसते.

लोक मला विचारतात, बाई, अशी एक गाडी घेऊ का? मी म्हणते, घर मोठं आहे का? कारण अर्धी गाडी बाहेर उभी राहील आणि अर्धी तुमच्या डोक्यात. एका लिटरला ती चार किलोमीटर जाते. मर्जी असली तर पाच. पण पेट्रोलचं रडणारा माणूस शहाणा म्हणायचा, कारण पेट्रोल निदान पंपावर मिळतं. बाकीचं मिळत नाही. काचेभोवतीचं रबर मिळत नाही, ते खिडकीच्या दुसऱ्याच रबरातून कापावं लागतं. ब्रेकच्या रबरी वाट्या मी जीपच्या बसवते, त्यासुद्धा पाच आणल्या तर दोन बसतात. पुढच्या चाकाचे बुश खराद्याकडून कातून घेते. मुंबईहून, परदेशातून मागवता येतं, सुधीरभाऊ मोबाईलवर फोटो दाखवतो. मी सांगते, मागव. मग किंमत वाचून तोच म्हणतो, "बाई, तुमीच पाहा नं काही."

उन्हाळा हा तिचा पहिला शत्रू. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्यावर पापड भाजून निघतो. एवढं मोठं इंजिन, त्यात जुना रेडिएटर अर्धा बुजलेला. पण पाणी उकळणं लोकांना कळतं. पेट्रोल उकळणं कळत नाही. नळीतून येता येताच पेट्रोलची वाफ होते, वाफ पुढे जात नाही, आणि गाडी काही न मोडता बंद पडते. उपाय एकच, इंजिनाजवळच्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपावर ओला दुपट्टा टाकायचा आणि बसायचं.

एकदा जंगलातल्या रस्त्यावर अशीच बंद पडली. पुण्याचे नवराबायको होते. मी मोटरसायकलवर मागे बसून पोचले तर साहेब घामाने भिजलेले, आणि गोविंदाभाऊ सागाच्या सावलीत तंबाखू मळताहेत.

"मॅडम, किती वेळ लागेल?" साहेबांनी विचारलं.

"पेट्रोल थंड होईपर्यंत."

"म्हणजे रिपेअर काय करणार?"

"हा दुपट्टा ओला करणार."

त्यांना वाटलं मी थट्टा करते. तेवढ्यात त्यांच्या बायकोने काच थोडी खाली करून विचारलं, "इथे वाघ येतो का हो?"

"येते नं जी," गोविंदाभाऊ म्हणाले. "पन त्याले गाडीचं काई काम नाई."

बाईंनी काच वर केली. पुढचा पाऊण तास त्या बंद गाडीत उकडत बसल्या, बाहेर आल्या नाहीत. आदल्या दिवशी दोघांनी वाघ पाहायला बरेच पैसे मोजले होते.

दुसरा शत्रू गंज. त्यात निम्मी चूक घरच्यांची. एका वर्षी मोहफुलं वेचून आणली, अंगणात पावसाची चिन्हं होती म्हणून मायनी ती लांबडीच्या डिक्कीत भरून ठेवली आणि विसरल्या. महिन्याने माझ्याकडे गाडी आली तेव्हा वास मोहाच्या दारूचा, असा की शेजारचा पंक्चरवाला खुशीत येऊन उभा राहिला. फुलं कुजून त्यांचं पाणी पत्र्यात मुरलं होतं. डिक्कीचा तळ मी बोटाने टोचला आणि बोट आरपार गेलं. पत्रा कापून नवा जोडला, वरून पुट्टी लावली, रंग दिला. नंतर हैदराबादचा एक गिऱ्हाईक गाडी विकत घ्यायला आला. खिशातून चुंबक काढून जागोजागी लावायला लागला. पुट्टी जाड असली तर चुंबक धरत नाही. त्याचं चुंबक मागच्या दाराखालून पडलं, चाकाच्या वरून पडलं.

"असली गाडी है क्या ये?"

"जिथं चिकटते तिथं असली," मी म्हणाले. व्यवहार झाला नाही. सुधीरभाऊ आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. खोटं बोलले असते तर बोलला असता, पण मग हैदराबादवाला बोलला नसता.

तिसरी गोष्ट ब्रेक. आजच्या गाडीत ब्रेकचे दोन वेगळे रस्ते असतात, एक गेला तर दुसरा धरतो. लांबडीत एकच. आणि चारही चाकांना ड्रम. ड्रम म्हणजे उपडं पातेलं समजा. ते चाकाबरोबर फिरतं. त्याच्या आत दोन लोखंडी कमानी, त्यांना शू म्हणतात, आणि शूवर लायनरची पट्टी रिबिटने ठोकलेली. पाय दाबला की शू पसरतात आणि लायनर पातेल्याला आतून घासतो. हे घासणं म्हणजेच ब्रेक. बाकी सगळं त्यासाठी. हातब्रेकही मागच्या चाकांचे हेच शू पसरवतो. घासायचं तर आत कोरडं हवं. चुलीवरच्या तव्याला तेल लावलं की भाकर चिकटत नाही, तेवढंच शास्त्र.

त्या वर्षी पोळ्याच्या दहा दिवस आधी मी चारही चाकांचे लायनर बदलले. चंद्रपूरला ट्रकचे लायनर ठोकणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडून मापाने कापून आणले. माल टणक होता. टणक लायनर सुरुवातीला ओरडतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी गोविंदाभाऊ गॅरेजवर आले. माझं डोकं एका ट्रॅक्टरच्या क्लचमध्ये होतं.

"बाई, मागचं डावं चाक रडून राह्यलं."

"नवे लायनर हाय भाऊ. आनखी आठ दिवस वाजन, मंग बसन."

"उद्या पोळा हाय नं. मायले घेऊन लोकाइतून जाच लागते. वाजत जावं का?"

"वाजू द्या. काई होत नाई."

ते निघून गेले. मी वर पाहिलंही नाही.

गोविंदाभाऊ मुळात गाडीचे ड्रायव्हर नव्हेत. ठेकेदारांच्या वेळेला ते लाकडाच्या बंड्या हाकायचे. ट्रक आले, बंड्या गेल्या, बैल विकले, आणि घरच्यांनी त्यांना लांबडीवर बसवलं. चालवायला शिकले, चांगले शिकले. पण त्यांच्या लेखी वाजणारं चाक म्हणजे धन्याची अब्रू. बंडीचा आस कुरकुरला तर लोक म्हणणार, यांच्या घरी वंगणाला तेल नाही. आणि पोळा ते लांबडीचा करायचे. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. जू बसून कातडी जिथे राठ झालेली असते तिथे हळद घातलेलं कोमट तेल किंवा तूप पळसाच्या पानाने चोळतात, आणि बैलाला म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. घरात बैल नाहीत म्हणून भाऊ हे सगळं लांबडीसमोर करायचे. बोनेटला हळद लावायचे, आवतन द्यायचे. सुधीरभाऊ हसायचा. मीही हसले आहे.

त्यांनी त्या संध्याकाळी काय केलं ते मला नंतर दवाखान्यात कळलं. ते माझ्या खाटेजवळ जमिनीवर बसले होते.

"भाऊ, ड्रममदी तेल कसं गेलं?" मी विचारलं.

"मीच घातलं."

"कुठून?"

"तुमी फट दाखवली होती नं. तिथून."

ड्रमच्या मागच्या पत्र्याला बोट जाईल एवढी फट असते, तिला रबरी बूच. त्यातून पेचकस घालून आतलं दातेरी चाक फिरवलं की सैल झालेले शू ड्रमच्या जवळ येतात. त्यांचं गाव माझ्यापासून अकरा किलोमीटर. ब्रेक जरा खोल गेला की निरोप यायचा. मला कंटाळा आला होता, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना हात धरून ती फट दाखवली होती, किती दाते फिरवायचे ते सांगितलं होतं. भाऊंनी लांब चोचीच्या कुपीत कोमट जवसाचं तेल भरलं आणि त्या फटीतून आत सोडलं.

"कोनत्या चाकाले?"

"चाऱ्ही."

"वाजत तं एकच होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काहीतरी भलतं बोलले. "एका बैलाचा खांदा शेकून दुसऱ्याले तसाच उभा ठेवते का कोनी?"

रडणाऱ्या एका चाकाला तेल घातलं असतं तर उरलेल्या तीन चाकांनी गाडी धरली असती. थोडी बाजूला ओढली असती, पण थांबली असती. भाऊंनी दुजाभाव केला नाही म्हणून चारही गेले. रात्रभर तेल ड्रमच्या तळाशी साचून राहिलं. सकाळी चाक फिरलं तसं सगळीकडे पसरलं. गावातून निघताना सपाट रस्ता, लोकांची गर्दी, गाडी पायी चालल्यासारखी जात होती. ब्रेकची गरजच पडली नाही. चाकही वाजलं नाही. मला वाटलं, लायनर लवकर बसले. मी त्यासाठीच सकाळी चिमूरहून येऊन गाडीत बसले होते, नव्या कामाची ट्रायल घ्यायला. गाव सुटल्यावर एकदा थांबवून पाहायला हवी होती. पाहिली नाही. स्वतःच्या कामावर भरवसा होता.

सुधीरभाऊ दवाखान्यात आला तेव्हा म्हणाला, "भाऊचं वय झालं बाई. आता त्याहीले गाडी देत नाई मी."

"फट म्या दाखवली," मी म्हणाले. "आत काय कोरडं ठेवा लागते ते सांगतलं नाई. कोन्या ड्रायव्हरले सांगा लागत नाई म्हणून सांगतलं नाई. ह्या मानसाले सांगा लागत होतं."

"तुमी काऊन आपल्या अंगावर घेता?"

"घेतलं नाई. हाय तिथंच हाय."

आता उतारावर येते.

मारोती पाठमोरा. मी ओरडले, "भाऊ, भोंगा मारा!"

गोविंदाभाऊंचा हात भोंग्यावर गेला आणि त्यांनी तो उचलून घेतला. "नाई. बैल बिचकतीन. त्याले तुडवतीन."

ते बरोबर होतं. बिचकलेला बैल कुठेही उधळतो, आणि कासरे मनगटाला गुंडाळलेला माणूस त्याच्या पायाखाली जातो. मी सीटवरून त्यांच्याकडे सरकले. सलग सीट होती म्हणून सरकता आलं. "क्लच दाबा!" त्यांनी दाबला. मी दांडी वर ढकलून दुसरा गियर टाकला. "सोडा!" इंजिन किंचाळलं, गाडीने नाक खाली घातलं, वेग थोडा मोडला. पहिला पडला असता तर बरं झालं असतं, पण लांबडीचा पहिला गियर चालत्या गाडीत पडत नाही, नुसते दाते खडखडतात. तरी मी एकदा जोर लावून पाहिला. खडखडले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगड रचलेले. फक्त रपट्याच्या अगदी तोंडाशी, उजवीकडे, शेतात बंडी उतरवायची वाट आहे. ती वाट खाली भाताच्या बांधीत जाते. बांधी म्हणजे आमच्याकडची धानाची खाचरं. रोवणी झालेली, गुडघाभर चिखल. मला तीच जागा दिसत होती, आणि तिच्या शेजारी मारोती.

तेवढ्यात गोविंदाभाऊंनी डोकं खिडकीबाहेर काढलं आणि हाक मारली. मारोतीला नाही. बैलांना. जंगलातून लाकडाने भरलेली बंडी चढावर काढताना मारायचे ती हाक, लांब, पोटातून. "होऽऽ चाल रे राजाऽ! चाल, चाल, चालऽ!"

दोन्ही बैलांचे कान मागे वळले. मग दोघांनी मान खाली घातली आणि एकदम पुढे निघाले, जू मानेवर असल्यासारखे, सरळ रपट्यावरून पलीकडच्या काठाकडे. मारोतीचा हात ताणला गेला, त्याचे पाय निसटले आणि तो पाण्यात तोंडावर पडला. बैल थांबले नाहीत. त्याला ओढत घेऊन गेले.

मी स्टेअरिंग दोन्ही हातांनी माझ्याकडे ओढलं. पुढची चाकं बंडीच्या वाटेवर गेली. साडेसतरा फुटांची गाडी एका जागी वळत नाही. तोंड वाटेवर आणि शेपूट रपट्यावर, अशी ती आडवी घसरली. मारोती जिथे उभा होता तिथलं पाणी तिच्या मागच्या बंपरने उडवलं आणि काठाचा दगड उखडून सोबत नेला. मग आम्ही खाली गेलो. एक बांध फुटला, दुसऱ्या बांधाला नाक धडकलं, माझा खांदा डॅशबोर्डच्या लोखंडावर गेला आणि सगळं थांबलं. रेडिएटर फुटून वाफ येत होती. त्या वाफेत मला फोडणीचा वास आला. आधी वाटलं मायच्या ताटातलं काही सांडलं. मग कळलं, चाकांतून जवसाचं तेल जळतंय.

गोविंदाभाऊ माझ्या अंगावरून हात लांबवून दार ढकलत होते, माझ्या बाजूचं. त्यांचं दार चिखलात रुतलं होतं. कपाळ फुटून रक्त डोळ्यात आलं होतं.

"माय?" मी विचारलं.

मागून काही आलं नाही. मला मान वळवता येत नव्हती. भाऊ वळून पाहत होते.

"माय व?" ते म्हणाले.

"माही कवळी कुठी पडली पाह्य रे," माय म्हणाल्या.

भाऊ माझ्यावरून ओलांडून बाहेर पडले आणि चिखलातून रपट्याकडे धावायला लागले. धावणं कसलं, एक पाय काढायचा, दुसरा रुतायचा. मला बांधामुळे पलीकडचं काही दिसत नव्हतं. फक्त पाण्याचा आवाज. मी मारोतीचं नाव घेऊन ओरडले. उत्तर नाही. दुसऱ्यांदा ओरडले. मग बराच वेळ गेला. मला बराच वाटला, किती होता ठाऊक नाही.

मग बांधाच्या पलीकडून शिव्या ऐकू आल्या. सगळ्या लिहिण्यासारख्या नाहीत. "कोन हाय बे तो? माह्या जोडीले कोन हाकललं बे? मी धरून असताना माह्या बैलाले हाकलते?"

"म्या हाकललं," भाऊंचा आवाज आला.

"काऊन?"

भाऊंनी त्याला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. शिव्या थांबल्या.

मारोतीच्या मनगटाची कातडी सोलली आणि गुडघे खरचटले. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं, ते वाकडं जुळलं आहे. भाऊंच्या कपाळाला सहा टाके पडले. मायना ओरखडा नाही. गाडीत आम्ही तिघं होतो, रपट्यावर मारोती आणि त्याचे दोन बैल. सहाही जगले.